थंडीत असा

सर्जेकोटच्या बर्फ कारखान्यात माझी एकतीस वर्षं गेली.
मिठाच्या पाण्यात डबे सोडायचे,
लादी धरली की साखळीने वर ओढायची,
भुशात लोळवून टेम्पोत चढवायची.
अमोनियाचा वास कपड्यांतून कधी गेला नाही.
बायको होती तेव्हा म्हणायची,
पोराला बापाची ओळख नाकाने पटते.

थंडी मी बोटांनी मोजत आलो.
पेटीत हात घातला की सांगायचो,
हा बांगडा उद्या सांजपर्यंत टिकेल,
ही सुरमई मात्र आजच काढा.
बंदरावर माझा शब्द चालायचा.

म्हणून हर्षालीला सहावा सरता सरता
फोडणीचा वास सोसेना,
तेव्हा कोलंबी मीच सोलली, मीच उकडली,
हळद, मीठ, दोन आमसुलं,
स्टीलच्या डब्यात भरून वरच्या खणात ठेवली.
मुलगा पर्ससीनच्या बोटीवर. घरात आम्ही दोघंच.
सुनेचे डोहाळे सासऱ्याने पुरवायचे
म्हणजे दोघांनाही थोडी लाजच.

तिला सगळं गार लागायचं.
रात्री दीड-दोनला फ्रिजचं दार वाजायचं,
आतला उजेड तिच्या पोटावर,
आणि ती उभ्यानेच खायची, बोटांनी,
डोळे मिटून.
मी अंथरुणात जागा, खोकायचो नाही.

पाचव्या दिवशी तिने विचारलं,
बाबा, अजून चांगली असतील ना?
मी डब्याला हात लावला.
वास घेतला. वास नव्हता.
म्हटलं, "थंडीत असा गो. काय होवचा नाय."

मग तीन आठवडे काहीच नाही.
एकदा नुसती कणकण, कंबर धरली.
शेजारीण मीठ-मोहऱ्या ओवाळून गेली,
कुणी पपईचं विचारलं, कुणी अमावास्येचं.
गुरुवारी हर्षाली म्हणाली,
आज हललं नाही.

ओरोसला डॉक्टर मुलगी होती, नांदेडकडची,
माझ्या हर्षालीएवढीच.
खुर्ची पुढे ओढून म्हणाली,
काका, बहुतेक जंतू गारठ्यात थांबतात.
हा थांबत नाही.
फ्रिजमध्येही वाढतो, सावकाश वाढतो.
अन्नाला वास येत नाही, रंग बदलत नाही.
आईला थोडा ताप. तो वारेतून आत जातो.
कशातून आला, ते नक्की सांगता यायचं नाही,
तीन-चार आठवड्यांपूर्वी काय खाल्लं
कोण आठवतं?

मी आठवत होतो.

नाव तिने कागदावर लिहून दिलं.
परदेशी बाईचं असावं तसं नाव.
घडी घालून मी ते एसटीच्या तिकिटासोबत
खिशात ठेवलं.

टॉवेलात गुंडाळून दिली. मुलगी होती.
लाद्या उचलून माझ्या तळव्यांना घट्टे पडलेत,
कातडीला आता गारव्याचं काही वाटत नाही
असं मी लोकांना हसत सांगायचो.

हर्षाली आचऱ्याला, माहेरी.
अजून मी तिला बोललेलो नाही.
फोनवर ती विचारते, बाबा, जेवलात?
गरम करून खा हां.
हे ती जाणून म्हणते की सहज, कळत नाही.

फ्रिज विकायला झाला नाही.
कारखान्यातला जुना थर्मामीटर आत टांगलाय.
रात्री उठून बघतो. सहा.
पुन्हा उठतो. सहा.
परवा पहाटेपर्यंत लाईट नव्हती, तेव्हा अकरा.
डबा घासून त्यात खिळे भरलेत.

सकाळी जनू तांडेल पेटी पुढे सरकवतो,
बघ रे, उद्यापर्यंत टिकात मां?
मागे टेम्पो चालू, वर घारी.
मी बाही सारून बर्फात हात घालतो
आणि बराच वेळ
काढत नाही.